बडे बाबूंची सही

मला आईपाशी पोचवलं ते आमच्या जयपूरच्या ऑफिसातल्या बडे बाबूंनी, म्हणजे हेडक्लार्कनी. मी आठवीत शाळा सोडलेला चपराशी. साहेब दौऱ्यावर असले की त्यांच्या वतीने बाबू सह्या करत. दमल्यासारखे चष्मा पुसत, सहीआधी 'पर प्रो', म्हणजे 'साहेबांच्या वतीने', हे इंग्रजी कागदांवरचे जुने शब्द लिहीत आणि पुटपुटत, "मैं कौन हूँ जी, मर्जी साहब की."

आई अत्यवस्थ असल्याची तार आली, तेव्हा साहेब सगळ्यांच्या रजा बंद करून गेले होते. बाबूंनी चष्मा पुसला आणि माझ्या अर्जावर 'पर प्रो' न लिहिता स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं.

"जाओ भैया. पूछेंगे तो मुझसे पूछेंगे."

आई भेटली. परतलो तेव्हा बाबूंच्या टेबलावर त्या सहीचा जाब विचारणारा साहेबांचा मेमो होता, आणि ते चष्माच पुसत होते. त्यांच्यावर पुन्हा कधी अशी वेळ आली, तर मीही पुढे होऊन माझं नाव सांगेन.