मायची पात्रता

माय शाळेत खिचडी शिजवायची ती माझ्या जिवावर. बोलायचं म्हणून बोलत नाही, आमच्या शाळेच्या समितीचा नियमच तसा होता. जिचं लेकरू शाळेत शिकतंय, तिलाच चूल मिळेल. मी, मायचं एकुलतं लेकरू, पहिलीत गेले आणि तिला काम लागलं. आम्ही दोघी एकाच वर्षी शाळेत भरती झालो, असं ती हसून सांगायची.

नियम वाईट नव्हता, हीच तर चीड आहे. आधी समितीतल्या एकाची भावजय शिजवायची. तिची स्वतःची पोरं शहरात इंग्रजी शाळेत जायची. डाळीत किडे निघाले तरी तिला काय फरक पडत होता? मग कुणीतरी शहाण्यानं ठरवलं, जिचं पोर त्याच ताटात जेवतं तिच्याच हातात पळी द्या. अगदी बरोबर ठरवलं. फक्त शाळा सातवीपर्यंतच आहे आणि पोरं मोठी होतात, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही.

आमचं गाव फुलंब्रीच्या रस्त्याला. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं आणि ते दरवर्षी थोडं थोडं आमच्याकडं सरकत होतं. आधी रानात चुना मारलेले दगड आले, मग कमानी आल्या, कमानींवर कुठल्या कुठल्या नगरांची नावं आली. जिथं आमची मेंढरं चरायची तिथं प्लॉट पडले. चारा संपला तेव्हा बापानं मेंढरं विकली आणि त्याच प्लॉटांवर राखणदार म्हणून उभा राहिला. तिथं बोअर होतं. पण ते पाणी नव्या भिंतींवर मारायचं, घरी न्यायचं नाही, अशी मालकाची ताकीद होती. भिंती सकाळ-संध्याकाळ भिजायच्या आणि आम्ही टँकरच्या रांगेत भांडायचो. अजूनही कुणी कोरी भिंत भिजवताना दिसलं की माझं डोकं फिरतं.

शाळेला टँकर वेगळा यायचा. भांडी घासून झाली की स्वयंपाकिणीनं दोन हंडे घरी न्यावेत, याला कुणाची हरकत नव्हती. तांदूळ धुतलेलं पाणी शिवाय. त्या पाण्यात बापाचे कपडे निघायचे, मग तेच पाणी दारातल्या शेळीला. मानधन येईल तेव्हा येई, त्यावर कुणी घर चालवत नव्हतं. आमचं घर त्या दोन हंड्यांवर चालत होतं. ती चूल गेली तर आम्हाला गाव सोडावं लागणार होतं, आणि जायचं कुठं हे बापालाही माहीत नव्हतं.

मी सहावीत असताना सगळ्या स्वयंपाकिणींना शहरात प्रशिक्षणाला बोलावलं. रविवार होता, म्हणून माय मला सोबत घेऊन गेली. मोठ्या हॉलमध्ये गावोगावच्या बाया सतरंजीवर बसल्या होत्या, सगळ्या ठेवणीतल्या लुगड्यात. शिकवायला एक शिकलेली बाई आली होती. स्वभावानं चांगली, उगाच वाईट कशाला बोलू. डोक्याला टोपी, अंगात अ‍ॅप्रन, नखं कापलेली, डाळ-तांदूळ कसे ठेवायचे, झाकण कसं ठेवायचं, असं सगळं तिनं नीट सांगितलं. मग हात धुऊन दाखवले. आधी तळवे, मग बोटांच्या फटी, मग अंगठे, मग मनगटं. एक मुलगी वरून जगनं पाणी ओतत होती आणि खाली घमेल्यात ते पडत होतं.

हॉलमध्ये एकदम शांत झालं. बाईंना वाटलं, बाया मन लावून शिकतायत. बाया पाण्याकडं बघत होत्या. शेवटी फुलंब्रीकडच्या एका म्हातारीनं विचारलंच, "बाई, हे आता सांडून देणार का?"

बाईंच्या हाताला अजून साबण होता. त्यांनी जगवाल्या मुलीला थांबवलं आणि उरलेला साबण ओल्या फडक्यानं पुसला. पुढचं बरंच काही त्या विसरल्या असाव्यात. सावरण्यासाठी त्यांनी प्रश्न विचारला, "आता सांगा, चांगल्या स्वयंपाकिणीची पात्रता काय?"

स्वच्छता, आरोग्य, असलं काहीतरी त्यांना हवं होतं. माझी माय पटकन म्हणाली, "लेकरू शाळंत पायजे."

सगळा हॉल हसला. मायही हसली. मी तिच्या मांडीला चिकटून बसले होते आणि मला फार भारी वाटलं होतं. एवढ्या बायांमध्ये मायची पात्रता तिच्या शेजारीच बसली होती ना.

येताना आम्ही गुलमंडीच्या बाजारात गेलो. टँकरचं पाणी गाळायला मायनं मांजरपाटाचा तुकडा घेतला, दुकानदाराशी हुज्जत घालून. तो दुहेरी करून ती पाणी गाळायची, तुरटी फिरवायची, आणि गाळ खाली बसेपर्यंत पातेल्याला कुणाला हात लावू द्यायची नाही. प्रशिक्षणाहून आणलेली टोपी आणि अ‍ॅप्रन रोज घालायची. पोरं तिला डॉक्टरमावशी म्हणून चिडवायची, तिला ते आवडायचं.

पुढच्या वर्षी पाऊस आलाच नाही म्हटलं तरी चालेल, आणि मी सातवीत गेले.

त्या पावसाळ्यात गंगापूरकडून एक बाई आली. तिकडं ऊस वाळून गेला होता. अर्धवट बांधलेल्या एका घरात, बिनदाराच्या खोलीत ती राहायची. नवरा सिमेंट कालवायला जायचा. तिची मुलगी आमच्या शाळेत पहिलीला आली. एवढीशी, मानेवर डोकं कसंबसं उभं. खिचडी वाढायच्या वेळी ती बाई कुंपणाशी येऊन उभी राहायची. माय तिला पातेल्याच्या बुडाची खरवड काढून द्यायची. ती तिथंच उभ्यानं खायची आणि म्हणायची, "अक्का, तुमच्या हाताला लई चव हाय."

दिवाळीनंतर समितीची बैठक झाली. मोठ्या गुरुजींनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापकांनी, मायला बोलावून सांगितलं, की पोरगी सातवी पास झाली की तुमचं काम संपलं. नियमात बसेल अशी एकच बाई पुढं आली होती, ती गंगापूरकडची. दुसऱ्या कुणाला एवढ्या राबणुकीचं काम नको होतं. वर असंही ठरलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीआधी मायनंच तिला सगळं शिकवून तयार करावं.

माय समितीतल्या प्रत्येकाच्या दारात गेली. मी सोबत होते. "मानधन नका देऊ, नुसती चूल राहू द्या," असं ती प्रत्येक दारात म्हणाली. एकानं चहा दिला. एकानं सांगितलं, "मावशी, नियम सगळ्याला सारखा." हे बोलताना त्याच्या मागं त्याची बायको अंगणात सडा टाकत होती, चांगला बादलीभर. माय त्या ओल्या जमिनीकडं बघत राहिली आणि वळली.

त्या दिवसापासून मायनं खरवड द्यायचं बंद केलं. मुलं जेवून उठायच्या आत ती पातेल्यात पाणी ओतून ठेवायची. शिकवायला म्हणून ती बाई चुलीपाशी यायची तर माय तिला नुसता झाडू द्यायची. "अक्का, पाणी कसं गाळायचं?" असं तिनं विचारलं तर मायला ऐकूच आलं नाही. माय वाईट नव्हती. पण भीतीनं माणूस किती हलकं होतं ते मी तेव्हा पाहिलं, आणि माझ्याच मायमध्ये पाहिलं, म्हणून ते अजून जात नाही.

एका संध्याकाळी ती बापाला भाकरी वाढत होती. मी दारात अभ्यास करत होते. ती म्हणाली, "पोरगी औंदा सातवीतच राह्यली असती तर एक साल तरी निघालं असतं."

बाप म्हणाला, "काय बोलती?"

"बोलत नाय. आपलं मनात आलं."

मला राग आला, रडू आलं आणि त्या दोन्हींच्या खाली कुठंतरी सुटकाही वाटली. कारण आता मला करता येण्यासारखं काहीतरी होतं. खालच्या वर्गात सगळ्यांना पास करतात हे माहीत होतं. पण सातवीला खरी परीक्षा असते, तिथं गय नाही, असं आमचे वर्गाचे सर सांगायचे. आम्हाला भेदरवायला सांगायचे, हे पुढं कळलं.

परीक्षेत कोरा पेपर द्यायची माझी हिंमत झाली नाही. कोरा पेपर लगेच पकडतील असं वाटलं. म्हणून मी सगळा पेपर लिहिला, वळणदार अक्षरात, आणि सगळा चुकवला. तुम्हाला वाटेल सोपं आहे. बसून बघा. गणिताचं बरोबर उत्तर आधी काढायचं, मगच त्याच्या बाजूचं खोटं उत्तर लिहायचं. जोड्या लावा म्हटलं की एकही खरी जोडी लागू द्यायची नाही. हात आपोआप बरोबर उत्तराकडं जायचा आणि मी त्याला ओढून धरायचे. पेपर देऊन बाहेर आले तेव्हा मला उलटी झाली. मायनं मला गाळलेलं पाणी पाजलं आणि म्हणाली, "ऊन बाधलं."

काही दिवसांनी मोठ्या गुरुजींनी मायला खोलीत बोलावलं. मलाही. टेबलावर माझे पेपर होते, लाल फुल्यांनी भरलेले. मायला वाचता येत नव्हतं, पण फुल्या कळत होत्या.

"मावशी, हिचं एकही उत्तर बरोबर नाही," गुरुजी म्हणाले. "ज्याला काहीच येत नाही ना, त्याचंही चुकूनमाकून एखादं बरोबर येतं. हिचं एकही नाही. जिला सगळं येतं तिलाच एवढं चुकवता येतं." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "का केलंस बाळ? आणि केलंस तरी काय उपयोग? आता कुणाला नापास करताच येत नाही. तू पासच आहेस."

मायनं मला विचारलं, "काहून केलं गं?"

मी म्हटलं, "तूच म्हणली होतीस ना, सातवीतच राह्यले तर एक साल निघंल."

माय खाली बसली. खुर्ची होती, तरी फरशीवर बसली. तिनं अ‍ॅप्रन तोंडावर घेतला आणि रडली, मोठ्यानं, गुरुजींसमोर. मेंढरं विकली तेव्हा ती रडली नव्हती. गुरुजी उठून बाहेर गेले. मग तिनं मला ओढून घेतलं, पाठीत एक जोरात धपाटा घातला आणि तोच हात पाठीवर ठेवून कितीतरी वेळ तशीच बसून राहिली. तिच्या लुगड्याला धुराचा आणि हळदीचा वास येत होता. मला वाटत होतं, मी पास झाले म्हणून ती रडतेय. मी तिची माफी मागितली. त्यावर ती आणखी रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं गंगापूरकडच्या बाईला स्वतः हाक मारली. "ये बाई. आज नीट बघ."

मी चुलीपाशीच बसले होते. मायनं तिला सगळं दाखवलं. पोत्यातला तांदूळ आधी सुपात घ्यायचा, थेट पातेल्यात नाही. डाळीला उकळी आल्याशिवाय हळद नाही. टाकीच्या तळाचं पाणी काढायचंच नाही. पोरांच्या आधी आपण खायचं आणि थोडा वेळ थांबायचं. गुलमंडीचं मांजरपाट तिनं धुऊन वाळवून ठेवलं होतं, ते तिच्या हातात दिलं आणि दुहेरी कसं धरायचं ते तिचे हात धरून दाखवलं. प्रशिक्षणातल्या बाईंनी दाखवले होते तसे हातही धुऊन दाखवले, पण पाण्याचा थेंबही न सांडता, खाली तांदूळ धुतलेल्या पाण्याचं पातेलं धरून. शेवटी खरवड काढली आणि दोघींनी मिळून खाल्ली. ती बाई सारखी डोळे पुसत होती. आमचे हंडे आता तिच्या घरी जाणार हे तिलाही कळत होतं.

अ‍ॅप्रन काढून देताना माय थांबली. बाईची मुलगी आपल्या आईचा पदर धरून उभी होती. मायनं आधी तिला बाहेर खेळायला पिटाळलं, मला मात्र तिथंच राहू दिलं.

"आणखी एक," ती म्हणाली. "हे तिकडं शहरात कुणी शिकवीत नाय. ही चूल पोरीमुळं मिळाली, हे तिला कधी कळू देऊ नको. कोणी सांगितलं तरी खोटं हाय म्हणून सांग."

"व्हय अक्का," ती बाई म्हणाली.

मग मायनं मला उठवलं, आणि आम्ही रिकामे हंडे घेऊन घरी निघालो.