बंदराच्या तोंडाशी
जेवण मागवलं की मोबाइलच्या नकाशावर ठिपका सरकू लागतो, आणि मला मांडवी बंदरावरचं आमचं जुनं ऑफिस आठवतं. मच्छीमारांच्या बोटी कुठे आहेत ते दाखवणारं अ‍ॅप आम्ही बनवत होतो. थोडं थोडं बनवायचं आणि वापरणाऱ्यांकडून लगेच तपासून घ्यायचं, अशी अजाइल पद्धत मालकांनी आणली होती, पण अर्धीच. रोज सकाळी उभ्याने मीटिंग व्हायची, दर पंधरवड्याला अ‍ॅपचं नवं रूप बाहेर पडायचं. ते बोटीवर नेऊन खलाशांकडून वापरून घ्यायचं मात्र राहून जायचं. चाचणी करणारी आमची सहकारी दर वेळी तेच मागायची. मालक म्हणायचे, "पुढच्या खेपेला नक्की." एका दुपारी वारा एकदम पडला, शेवाळाचा कुजका वास खिडकीतून आत आला आणि दक्षिणेकडून काळं भरून आलं. त्या सहकारीचा भाऊ मासेमारीला समुद्रात गेला होता. नकाशावर त्याची बोट बंदराच्या तोंडाशी दिसली. "आला वाटतं," म्हणत ती हसून खिडकीशी गेली. तिथे नुसतं पाणी होतं. "ठिपका हाय, मग बोट कुठे हाय?" तिने विचारलं. रेंज गेली की अ‍ॅप शेवटची जागाच दाखवत राहतं, हे तेव्हा आम्हाला कळलं. पावसाने समुद्र दिसेनासा झाला, आणि पडद्यावर सगळ्याच बोटी सुखरूप होत्या. भाऊ दुसऱ्या दिवशी परतला. जयगडच्या खाडीत त्याला आसरा मिळाला होता. तिने नोकरी सोडली, पुढे मीही. परवा त्या ऑफिसात अजून काम करणाऱ्या मित्राचा फोन आला. अ‍ॅप आता बऱ्याच बंदरांवर चालतं म्हणाला. मी विचारलं, "आता तरी बोटीवर नेऊन बघता का?" तो म्हणाला, "या पंधरवड्यात नाय जमलं रे."