वीस फूट आतडं

घास गिळला की जेवण संपतं, असं साऱ्या जगाचं मत होतं. माझ्या मालाडच्या मामांच्या मते ते तिथून सुरू व्हायचं. "दात तोंडात असतात रे, जठरात नसतात," असं म्हणत ते एकेक घास इतका चावायचे, की आमची भांडी घासून झाली तरी त्यांचा पहिला भात चालूच. मग डोळे मिटून, गावाला निघालेल्या पाहुण्याची खबर द्यावी तसं सांगायचे, "वरण जठरात पोचलं. आता घुसळण. मग पित्त येऊन तुपाचा समाचार घेईल. पुढे वीस फूट लहान आतडं. अंगी लागतं ते तिथं!" एका लग्नात तर त्यांनी विहीणबाईंना श्रीखंडाची वाटी खाली ठेवायला लावून मोठ्या आतड्याचं कार्य समजावलं होतं.

लहानपणी मला टायफॉइड झाला. तेव्हा हेच मामा रोज मालाडहून येऊन मला चमच्याचमच्याने मोसंबीचा रस पाजत. "आतडं नाजूक झालंय, घाई नको," म्हणत.

पन्नास सालानंतरची गोष्ट. मला नवी नोकरी लागली होती. एका रविवारी साहेबांना आमच्या अंधेरीच्या दोन खोल्यांत जेवायला बोलावलं, खालच्या मजल्यावरून टेबल मागून आणलं, आणि नेमके मामा आले. साहेबांनी तिसरी पुरी उचलली तसे मामा म्हणाले, "थांबा साहेब! पहिल्या दोन अजून घुसळतायत." आणि तिथून ते अन्नाबरोबर निघाले ते थेट शेवटच्या मुक्कामापर्यंत गेले. साहेबांनी पुरी ताटात ठेवली.

"हे कोण?"

"शेजारी आहेत," मी म्हणालो. "येऊन बसतात अधूनमधून."

आईचा वाढता हात थांबला. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "हो हो, बाजूलाच राहतो," म्हणाले, आणि भरली बासुंदीची वाटी तशीच ठेवून चपला घालून गेले.

माफी मागायला मी मालाडला जाणार होतो. आज जाऊ, उद्या जाऊ करत वर्ष गेलं. माझ्या लग्नात साहेब आले, तेव्हा मामाच पुढे होऊन नमस्कार करत म्हणाले, "ओळखलंत ना? मी यांचा शेजारी." तेव्हाही मी घाईने साहेबांना पंगतीकडे घेऊन गेलो.

पंगती उठल्यावर मामा निघाले. जाता जाता माझ्या पाठीवरून हात फिरवत त्यांनी हळूच विचारलं, "तू जेवलास का रे?"