तीन डोक्यांची चूल

माझ्या आधी त्या शेडमध्ये कोंबड्या राहायच्या. धंदा बसला, कोंबड्या गेल्या, वास तेवढा मागे राहिला, आणि त्या वासासकट मी ती जागा भाड्याने घेतली. त्याआधी मी कल्याणला एका खोलीत मूर्तिकाम करायची. सोसायटीने मीटिंग भरवून ठरवलं की ही बाई ठोकाठोक करते, मातीने मोरी तुंबवते, हिला काढा. मी म्हटलं, अहो मी शिल्पकार आहे. सेक्रेटरी म्हणाले, "असाल, पण चौथ्या मजल्यावर कशाला?" मी कपाळावर हात मारला आणि सामान बांधलं.

तर ही शेड. शहापूरहून मुरबाडकडे जाताना मध्येच आत वळायचं, भाताच्या खाचरांच्या कडेला. वर पत्रा, दोन्ही बाजूंना जाळी, आणि उजेड असा की मुंबईत तेवढ्या उजेडाला वेगळं भाडं लावतील. मालक काकांनी भाडं मला झेपेल एवढंच सांगितलं. अट एकच. "घरात लगीन निघालं का शेड रिकामी करायची. आमचा सैपाक तिथंच होतो. कोंबड्या पण काडल्या होत्या दोनदा."

मी कोंबड्यांच्याच पंगतीत बसले. चालेल म्हटलं.

काकांची बायको, म्हणजे काकी, येता-जाता जाळीतून बघायची आणि टोमणा मारून जायची. "एवढं मळते, भाकर एक निघत नाय." पण माझी पहिली चार कामं वाळताना तडकली तेव्हा इलाज तिनेच सांगितला. "तूस घाल गो त्यात, भाताचं. चुलीच्या मातीला नाय का घालीत आमी?" कॉलेजात पाच वर्षं घालवून मला हे कोणी शिकवलं नव्हतं. तूस घातलं आणि तडे थांबले. मी आभार मानले तर म्हणाली, "आभार नको, झाडू मार."

तिसऱ्या वर्षी मुंबईची एक पार्टी गाडीतून उतरली. त्यांना तिथे शनिवार-रविवारवाल्यांसाठी रिसॉर्ट काढायचा होता. जिथे माझा मातीचा ढीग होता तिथे पोहण्याचा तलाव होणार म्हणे. जमिनीवर नावं तिघांची: काका, काकी आणि काकांचे थोरले भाऊ, ज्यांना सगळे दादा म्हणत. दादा म्हणाले, देऊन टाकू. काका म्हणाले, बघू. काकी म्हणाली, "पोरीचं लगीन होऊ दे, मंग सांगते."

खरं सांगते, मी घाबरले. पंचेचाळिशी उलटलेली, माझ्या खांद्याएवढी उंच कामं अर्धवट, आणि एवढा उजेड मला परत कोण देणार होतं? रडून झालं, चहा पिऊन झाला, आणि मग मला एक भारी कल्पना सुचली. म्हणजे तेव्हा ती भारी वाटली होती.

लाच द्यायची. मातीची. तिघांची डोकी घडवायची आणि लग्नात सगळ्यांसमोर भेट द्यायची. स्वतःचं तोंड बघून कोण पाघळत नाही! मी गुपचूप कामाला लागले, आणि निर्लज्जपणे खोटं घडवलं. दादांना टक्कल, मी त्यांना भरघोस केस दिले. काकांच्या चार केसांच्या मिशीला पीळ दिला. काकीच्या कपाळावर कायम तीन आठ्या असत, त्या साफ पुसून टाकल्या. भट्टीत भाजायची तर डोकी आतून पोखरावी लागतात. माझ्याकडे भट्टी नव्हती, म्हणून ती भरीवच ठेवली आणि उन्हाळ्यात खडखडीत वाळू दिली. मग कोणाला दिसू नयेत म्हणून तिन्हींना गोणपाटात गुंडाळून सुतळीने बांधलं आणि कोपऱ्यात ठेवलं.

लग्नाच्या दिवशी सकाळीच काकीने मला टेम्पोत बसवून मुरबाडला पत्रावळ्या आणायला पिटाळलं. परत आले तेव्हा दुपार व्हायला आली होती. शेडमध्ये पंधरा-वीस बायका, धूर, हशा, आणि तीन मोठ्या चुली पेटलेल्या. मी कोपऱ्याकडे बघितलं. कोपरा रिकामा.

तिसऱ्या चुलीवर भाताचा भला थोरला टोप रटरटत होता. त्याच्याखाली काका, काकी आणि दादा होते.

दोष तरी कोणाला देणार? तिसऱ्या चुलीला दगड कमी पडले. बायकांनी कोपऱ्यातली तीन गाठोडी चाचपली, तूस घातलेली माती हाताला लागली, वाटलं बाईने चुलीची तयारी करून ठेवलीय. बांधलेलीच उचलून मांडली. गोणपाट जळालं तशी तोंडं उघडी पडली. पण तोवर टोपात आधण आलेलं, तांदूळ वैरलेले. लग्नाचा भात उतरवायचा कोणी?

बघता बघता सगळी भावकी जमली. टोप बसवताना दादांचे केस घासून गळून पडले होते आणि लख्ख टक्कल निघालं होतं. काकांच्या मिशीचं एक टोक उडालं होतं. कोणीतरी म्हणालं, "आता कसा दादा दिसतो!" आणि जो हशा पिकला! दादांचं तोंड लाल. काका उगाच स्वतःची मिशी चाचपत होते. संपलं, मी मनात म्हटलं, उद्याच सह्या करतील.

तेवढ्यात हळदीच्या पिवळ्या हातांनी काकी आली. कमरेवर हात ठेवून चुलीकडे बघत राहिली.

"बरोबर मांडलंय," ती म्हणाली. "या घराचा भार आमच्या तिघांच्याच डोक्यावर हाय." आणि लाकूड आत सारलं.

पंगती उठल्या, जाळ विझला. निवलेली डोकी मी बाहेर काढली तर काळीकुट्ट, पण पक्की भाजलेली, आणि तुसामुळे भरीव असूनही न तडकलेली. एवढा वेळ सारखा जाळ मला कुठल्या भट्टीत मिळाला असता! काकीने स्वतःचं डोकं पदराने पुसलं आणि कपाळावरून अंगठा फिरवला.

"माझ्या आठ्या कुठं गेल्या?"

"छान दिसावं म्हणून काढल्या, काकी."

"एवढं घर हाकता हाकता पडल्यात त्या. फुकट नाय आल्या. परत घाल."

"भाजलेल्यावर नाही घालता येत. नवीन डोकं करावं लागेल."

"किती दिवस लागतील?"

मी कोडगेपणाने ठोकून दिलं, "वर्ष तरी."

तिने माझ्याकडे रोखून बघितलं. वर्ष लागत नाही हे तिला ठाऊक होतं. लग्नाआधी तिन्ही डोकी महिनाभरात झाली होती. काकी ते रोज जाळीतून बघत होती, हे मला मात्र तेव्हा ठाऊक नव्हतं. आठवड्याने पार्टी आली तेव्हा काकी ओट्यावर बसून म्हणाली, "शेडमध्ये माझं काम चाललंय. संपलं का कळवू." काकांनी मान डोलावली. दादांनी टकलावरून हात फिरवला आणि ते पार्टीला गाडीपर्यंत सोडून आले.

ती तीन डोकी आता भावकीतल्या प्रत्येक लग्नाला जातात. बायका सांगतात, त्यांच्यावरचा भात बुडाशी लागत नाही.

आणि काकी अजून बसते माझ्यासमोर, दर मंगळवारी, दुपारची भांडी आवरून. आठ्या आता इतक्या हुबेहूब उतरल्यात की मलाच त्यांचा धाक वाटतो. गेल्या मंगळवारी मी म्हटलं, काकी, झालं हो. ती उठली, डोक्याभोवती एक फेरी मारली, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "नाय जमलं. मोड."