हत्ती पाठवणारे आप्पा

निवृत्तीनंतर मोठमोठे गुन्हे धूसर झाले, पण हत्तीची ती तक्रार काही डोक्यातून जात नाही. तेव्हा मी कळव्यात नेमणुकीला होतो. सकाळची हजेरी आटोपून चहा हातात घेतला, तेवढ्यात गळ्यात जाड साखळी घातलेला एक स्थानिक जमीनमालक आत आला.

"साहेब, बाप हत्ती वाटतोय."

"कोणाला?"

"डोंबिवलीच्या एका बाईला. मोबाईलवर लाइव्ह येते ती. आधी गुलाब पाठवायचा, आता डायरेक्ट हत्ती! हत्ती चित्रातला, पण तो पाठवायला पैसे खरे जातात ना. म्हाताऱ्याला फसवलाय तिनं. उचला तिला."

'उचला' हा शब्द मला कधीच सहन झाला नाही. पोलीस म्हणजे कोणाच्या घरची क्रेन नव्हे. पैसेवाल्याने बोट दाखवायचं आणि आम्ही गरिबाच्या दाराशी जीप लावायची, ही रीत मी मानली नाही. पण अर्ज आला की चौकशी करावीच लागते. बाईमाणसाला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, आपणच तिच्या घरी जायचं असतं. तिथल्या पोलीस ठाण्याला कळवलं आणि महिला हवालदार सोबत घेतली. बाई दाखवायला म्हणून तो तक्रारदार मुलगाही जीपमध्ये बसला.

चाळीतल्या एका खोलीत बाई ब्लाऊज शिवत बसली होती. समोर मोबाईल उभा, लाइव्ह चालू. मी मनात रंगवलं होतं त्यातलं तिथे काहीही नव्हतं. आम्हाला पाहून तिचा चेहरा उतरला.

"साहेब, दारात पोलीस आले म्हटल्यावर चाळमालक मला खोली खाली करायला लावेल. माझं चुकलं काय, ते तरी सांगा."

"कळव्याचे आप्पा तुम्हाला पैसे का देतात?"

"मी मागत नाही हो. अस्तर लावताना लोक काय बघतात, मलाच कळत नाही. कोणी काही पाठवलं की मी नाव घेते, एवढंच."

"नाव घेता म्हणजे?"

ती मोबाईलकडे वळली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "आज आपल्याकडे मोठे साहेब आलेत! सगळ्यांनी नमस्कार करा!"

पडद्यावर नमस्कारांची रांग लागली. मी नकळत टोपी सरळ केली. हवालदार बाई रुमालाआड हसत होत्या.

या गडबडीत तक्रारदार मुलगा शिलाई मशीनच्या मागे उभा असलेला मोबाईलवर दिसत होता. आमच्या कोणाच्या ते लक्षात आलं नाही. घरी लाइव्ह बघत बसलेल्या आप्पांच्या मात्र आलं, आणि गिऱ्हाइकांसाठी बाई लाइव्हवर पत्ता सांगायची, तो त्यांना पाठ होता. आम्ही बाईचा जबाब संपवतोय तोच आप्पा रिक्षातून उतरले, शीळफाट्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालत.

"पोरीला कनाला तरास देता? आणि तू र, बापावर पोलीस घालतोस?"

"आप्पा, लुटतेय ती तुम्हाला!"

"काय लुटलं? आपल्या मैदानात कबड्डी व्हायची. चढाई आवडली की मी बक्षीस द्यायचो. भोंग्यावर सगल्या गावासमोर माझं नाव पुकारायचे. त्या मैदानावर तू बिल्डिंग उठवलीस. आता घरात मना काय बोलतान? 'आप्पा, पाय वर घ्या, लादी पुसायचीय.' ही पोरगी नाव घेते माझं. बस!"

मला तर टोपी सरळ केली तेव्हाच चारचौघांत मान मिळण्याच्या या गोडीचा अंदाज आला होता. फसवणुकीला खोटं बोलावं लागतं, आमिष दाखवावं लागतं. इथे दोन्ही नव्हतं. गुन्हा दाखल होणार नाही, असं मुलाला तोंडावर सांगितलं. चाळमालकालाही बोलावून बजावलं की बाईंवर कसलाही आरोप नाही, खोलीचा विषय काढायचा नाही.

आप्पांचा जबाब तेवढा राहिला होता. लिहून झालेला जबाब वाचून दाखवावा लागतो. हवालदार बाईंनी उभं राहून मोठ्याने सुरुवात केली. आधी आप्पांचं नाव, मग वडिलांचं, आडनाव, धंदा शेती, राहणार कळवा. आप्पांनी डोळे मिटून घेतले.

"परत एकदा वाच गो पोरी."

त्यांनी परत वाचलं. आप्पांचा हात खिशात गेला.

"आप्पा, हात बाहेर काढा," मी ओरडलो. "नाहीतर सरकारी नोकराला लाच दिल्याचा गुन्हा मलाच नोंदवावा लागेल!"

त्यानंतर उरलेल्या नोकरीत माझ्या हाताखाली कोणी जबाब पुटपुटत वाचला नाही. माणूस तक्रारदार असो की आरोपी, त्याचं पूर्ण नाव चार लोकांत, स्वच्छ आवाजात घ्यायचं, हा माझा शिरस्ता झाला.