हडलूतली घाणेरी

मानाजीरावांचा हात तोंडाच्या आधी चालायचा. म्हैसुरातल्या मराठा घरांना हे इतकं पक्कं ठाऊक होतं, की चाळिशी उलटली तरी कुणी त्यांना मुलगी दिली नाही. पणजोबा म्हैसूरच्या महाराजांच्या शिलेदार पागेत होते. पागा गेली, घोडे गेले, महाराजांचं राज्यही गेलं. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसा तो शिपाईबाणा मानाजीरावांच्या मनगटात उरला होता. पिरियापट्टणच्या पलीकडे होन्नेकट्टेच्या रानात ते गार्ड झाले, आणि त्या मनगटाला कामच मिळालं.

धाकटा भाऊ खंडोजी त्यांच्याच हाताखाली वॉचर होता. म्हैसूरच्या घरी त्याची बायको गिरिजाबाई असायची. दोघे भाऊ पंधरा दिवसांनी बसने येऊन तिच्या हातचं जेवून जायचे. खंडोजीवर मात्र मानाजीरावांनी कधी बोट उगारलं नाही. आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता, आणि त्याला न्हाऊमाखू घालून वाढवला तो यांनीच. त्या दांडगट माणसाचा सगळा जीव या एका भावात होता.

रानही धन्याला शोभेल असंच होतं. पश्चिमेचा पाऊस कोडगूचे डोंगर आधी आपल्या अंगावर घेतात आणि उरलासुरला इकडे सोडतात. म्हणून होन्नेकट्टे आषाढात हिरवंगार आणि फाल्गुनात पापडासारखं कुरकुरीत. साग, बांबू, घोट्याएवढा वाळका पाला, आणि भर दुपारी अचानक फिरणारा वारा. देवाने सोय केली होती ती एकच: हडलू. हडलू म्हणजे रानातली सखल, ओलसर, झाडं नसलेली गवताळ जागा. तिथे उन्हाळ्यातही पाणी झिरपतं, हरणं चरतात, हत्ती चिखलात लोळतात. वणवा तिच्या काठाशी येऊन विझतो. "आग दिसली की काही बघायचं नाही, हडलू गाठायचा," असं मानाजीरावांनी खंडोजीला पढवून ठेवलं होतं.

पण हडलू मोकळा का राहतो, हे त्यांना माहीत नव्हतं. ते बोम्माला माहीत होतं. बोम्मा हा मध काढणाऱ्या जेनुकुरुबांच्या पाड्यावरचा म्हातारा. त्याची माणसं दर माघात, दव असताना, हडलूभोवतालचं गवत थोडं थोडं पेटवायची. गुडघ्याएवढी आग, तासाभरात शांत. त्यात घाणेरी या काटेरी झुडपाची रोपटी जळायची आणि नवं गवत फुटायचं. कायद्याला मात्र आग म्हणजे आग, आणि मानाजीराव कायद्याचे. सात वर्षं त्यांनी माघातली ही आग लागू दिली नाही. झोपड्यांत शिरून काड्यापेट्या हिसकावल्या, बायकांदेखत पुरुषांना तुडवलं. वरचे साहेब खूश होते. घाणेरीही खूश होती. ती पुरुषभर उंच झाली.

आठव्या माघात बोम्मा हडलूच्या काठी सापडला, हातात पेटता पलिता.

"स्वामी, मारा, पण आधी बघा तरी," तो हात जोडून म्हणाला. "घाणेरी आत शिरलीय. आता आपण तिला जाळली नाही, तर ती आपल्याला जाळील."

"मला रान शिकवतोस?"

पहिला फटका खांद्यावर बसला. म्हातारा पडला. मानाजीरावांनी त्याचे दोन्ही हात दगडावर दाबले आणि काठी मनगटांवर घातली. एकदा, दोनदा, पाचदा. हाड मोडल्याचा आवाज आला तरी काठी थांबेना.

"अण्णा, साकु! पुरे! मरेल तो!" खंडोजीने त्यांना मागून मिठी मारून ओढलं. मग त्यानेच बोम्माच्या हातांना बांबूच्या पट्ट्या बांधल्या आणि त्याला पाठुंगळी घेऊन पाड्यावर पोचवलं. झाल्या प्रकाराबद्दल कुणी कुठे अवाक्षर काढलं नाही.

तीन आठवड्यांनी दुपारी धूर दिसला. ठिणगी तंबाखू वाळवायच्या भट्टीची की कुणाच्या बिडीची, हे आजतागायत कळलेलं नाही. मानाजीराव टेकाडावरून पेटता पाला डहाळीने झोडत उतरत होते, खंडोजी खालच्या बाजूला होता. वारा फिरला. बांबू बंदुकीच्या बारांसारखे फुटू लागले, सागाची पानं पेटती होऊन उडू लागली, आणि बघता बघता आग माणसाच्या पळण्यापेक्षा वेगाने धावायला लागली.

खंडोजी पढवल्याप्रमाणे हडलूकडे पळाला. टेकाडावरून मानाजीरावांना सगळं दिसत होतं. हडलू नव्हताच तिथे. काठापासून आतपर्यंत घाणेरीची भिंत होती, वाळलेली, काट्यांनी विणलेली. खंडोजी कोयता चालवत आत घुसू पाहत होता, दोन हात वाट झाली की पुढे पुन्हा भिंत.

"मागे फीर! खंड्या, मागे फीर!" ते ओरडले. मागे फिरायला जागा उरली नव्हती. आग घाणेरीत शिरली तशी तेल ओतल्यासारखी भडकली. आतून "अण्णा" अशी हाक आली, मग दुसरी आली, आणि मग नुसतंच ओरडणं. मानाजीराव त्या जाळात धावले, हात कोपरापर्यंत भाजले, इतर वॉचरांनी त्यांना पाय धरून बाहेर खेचलं. संध्याकाळी खंडोजी मिळाला तो काठापासून जेमतेम सहा पावलांवर.

म्हैसूरला गिरिजाबाई रडली नाही. "भावजी," ती म्हणाली, "ज्यानं आग लावली त्याचे हात तोडा."

साहेबांना माणूस लगेच सापडला. बोम्माला बांधून म्हैसूरच्या कचेरीत आणलं. जबाब तयारच होता: आग लावून पळताना आरोपी पडला, त्यात त्याची मनगटं मोडली. मोडके हात हाच पुरावा. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! सही हवी होती ती फक्त मानाजीरावांची. बाहेर बाकावर गिरिजाबाई बसली होती, न्याय घ्यायला आलेली. सत्य माहीत असलेला त्यांच्या बाजूचा दुसरा माणूस राख झाला होता.

मानाजीरावांनी पट्ट्या बांधलेल्या हाताने कागद मागे सारला.

"हे हात वणव्याच्या तीन आठवडे आधी मोडलेत. मी मोडलेत. त्याला काडीसुद्धा धरता येत नव्हती, साहेब."

साहेब समजावत राहिले, नोकरी जाईल म्हणाले, तुरुंग म्हणाले. मानाजीराव उठून बाहेर आले आणि गिरिजाबाईसमोर उभे राहिले. त्यांनी तिला सगळं सांगितलं; हडलू, घाणेरी, सात वर्षं, म्हाताऱ्याचं म्हणणं आणि काठी.

"ठिणगी कुणाची ते गोत्तिल्ला, मला माहीत नाही," ते म्हणाले. "पण खंड्याची वाट मी बंद केली."

तिने पायातली चप्पल काढली. कचेरीच्या व्हरांड्यात, शिपाई-कारकुनांच्या देखत, तिने त्यांना तोंडावर, डोक्यावर, भाजलेल्या हातांवर मारलं. आयुष्यात पहिल्यांदा मानाजीरावांचा हात उठला नाही. ती दमली, धापा टाकत भिंतीला टेकली, तेव्हा त्यांनी विचारलं, "मी कुठं जाऊन मरू, सांग."

"मरायचं नाही," गिरिजाबाई म्हणाली. "ह्यांच्या हाका तुम्ही ऐकल्यात ना? खूप वर्षं जगा, भावजी."

मानाजीराव एक्क्याऐंशी वर्षं जगले.