मधुकरची बेल

आमच्या धारगळच्या गुरुदासला सैल तार बघवत नाही. हमरस्त्यावर माझ्या पंक्चरच्या दुकानाला लागूनच त्याचं पंखे-मिक्सर दुरुस्तीचं दुकान. लग्नाच्या मांडवातसुद्धा हा माणूस पंगत सोडून दिव्यांच्या माळा तपासत बसतो. मला याची भयंकर चीड येते.

गेल्या कार्तिकात लाटंबार्सेहून यशोदाबाई आल्या. त्यांच्या नवऱ्याने, मधुकरने, केलेली बेल बिस्किटांच्या डब्यात होती. फाटकातून माणूस गेला की ती स्वयंपाकघरात एकदा वाजायची. काम सगळं कच्चं. भोकाभोकांचा पांढरा ब्रेडबोर्ड आणि त्यात नुसत्या खोचलेल्या तारा. पक्कं करण्याआधीच मधुकर वारला.

"हे सांजेचे सवा सहाक येतत, तेव्हा वाजता," बाई म्हणाल्या. "पूण वायरी सुटतत. चार दीस वाजूंक ना. घट्ट करून दी."

फाटकात कोणी दिसत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

त्या गेल्यावर गुरुदास म्हणाला, "तार सैल आसा. सांजेचो गारवो पडलो की आपसूक वाजता. घट्ट केली की कायमची गप्प जातली."

"मगे एक सैल दवर रे!" मी ओरडलो. "तिचो जीव तेतूंत आसा."

"म्हाका तें जमचें ना."

त्याने तारा मापात कापल्या, टोकाटोकाला कथील वितळवून डाक दिला, वर रबरी नळ्या चढवल्या आणि सगळं डब्यात स्क्रूने आवळलं. इतकं देखणं काम, की मला त्याचा रागच आला.

रविवारी आम्ही बेल बसवायला गेलो. दहादा तपासली. एक माणूस, एक ठोका. यशोदाबाईंनी पाटासमोर एक कप चहा झाकून ठेवला होता. सवा सहा झाले, साडेसहा झाले. बेल गप्प. बाई त्या कपाकडे बघत राहिल्या. गुरुदासची मान वर होईना.

आम्ही निघालो. मी फाटकाबाहेर पडलो, आत एक ठोका पडला. गुरुदास बाहेर पडला, दुसरा पडला. त्याने फाटकाला कडी घातली.

तिसरा ठोका पडला.

तिन्हीसांजेला मागे वळून बघायचं नसतं. मी बघितलं नाही. गुरुदास माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"डाक सुटूंक ना," तो पुटपुटला.

आत कपावरची बशी वाजली.

"आज उशीर केलात," यशोदाबाई म्हणाल्या. "च्या थंड जाली."